तिसऱ्या साक्षीदाराची जागा

काटेवाल्यांना सरकारी कचेरीची भीती कधीच वाटली नाही, उलट भारी कौतुक होतं. उभं आयुष्य त्यांनी तराजू दुरुस्त करण्यात घालवलं. दुरुस्त केलेला प्रत्येक काटा वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत न्यायचा, तिथल्या साहेबाने तो पारखायचा आणि मग दांडीवरच्या शिशाच्या ठिपक्यावर शिक्का ठोकायचा, ही त्यांच्या धंद्याची रीत. शिक्का बसताना टक् असा आवाज होई. हजारदा ऐकूनही त्या आवाजाने काटेवाल्यांच्या अंगावर दर वेळी काटा यायचाच. "आता हा आपला राहिला नाही, सगळ्यांचा झाला," असं ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाईक मान डोलावून घाईघाईने काटा उचलून चालतं होई.

माणूस तसा तिरसट. कुणी "जरा लवकर करा" म्हणालं, की हातातलं हत्यार खाली ठेवून ते त्याच्याकडे नुसते बघत बसायचे. रिकाम्या पारड्यांवर फुंकर घालायची आणि काटा आपणहून स्थिर होईपर्यंत हात मांडीवर ठेवून वाट बघायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यात कुणाचीही मध्यस्थी चालत नसे.

घरात ते आणि त्यांची लेक, दोघंच. लेक जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून तिचं नाव पडलं गुंज. सोनाराच्या तराजूतलं सगळ्यात हलकं माप ते. ही गुंज शाळेतही जायला लागली नव्हती तेव्हा तिची आई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. वर्षभराने काटेवाल्यांची बहीण दुसऱ्या लग्नासाठी हात धुऊन मागे लागली, तर हे म्हणाले, "माझं लग्न झालेलं आहे." बहीण रडली, रुसली, शेवटी थकून गप्प बसली.

त्या दिवसापासून बायकोचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. तिचा फोटो कपाटात गेला, तिच्या मृत्यूचा दाखलाही त्याच कपाटात गेला, आणि कपाटाची किल्ली काटेवाल्यांच्या कमरेला. नाव घेतलं तर आपण उभ्याचे आडवे होऊ, ही खरी भीती होती. पण त्या भीतीला ते निष्ठा म्हणत. गुंजेने लहानपणी एकदोनदा विचारून पाहिलं. "आई कुठली? आईच्या घरी कोण होतं?" बापाचा चेहरा असा व्हायचा, की पोर पुढचा प्रश्न गिळून खेळायला पळायची. पुढे तिने विचारायचंच सोडून दिलं.

आता गुंज चांगली तिशीला आलेली, शाळेची प्रयोगशाळा सांभाळणारी बाई. एका संध्याकाळी जेवण झाल्यावर तिने ताटं उचलता उचलता सांगितलं, "बाबा, आम्ही कोर्टात लग्नाची नोटीस दिली."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि चष्मेवाले."

चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा हा गृहस्थ काटेवाल्यांना ठाऊक होता. त्यांच्याच चष्म्याची काच बदलायला गुंज तिथे जाऊ लागली होती, म्हणजे या प्रकरणाची सुरुवात थेट त्यांच्या नाकावरच झाली म्हणायची. माणूस शांत, हाताला स्वच्छ. पण विधुर.

"त्याची बायको जाऊन दोन वर्षं झाली नाहीत," काटेवाले म्हणाले.

"झाली."

"झाली तरी."

गुंजेने ताटं खाली ठेवली. "बाबा, तीन साक्षीदार लागतात. एक माझी मैत्रीण आहे, एक त्यांच्याकडचं माणूस आहे. तिसरी जागा तुमची."

"मी येणार नाही."

"मग ती रिकामी राहील. दुसऱ्या कुणाला मी विचारणार नाही, आणि दोन सह्यांवर तिथे लग्न लागत नाही."

"धमकी देतेस मला?"

"नाही हो. नियम सांगते." असं म्हणून ती भांडी घासायला गेली, आणि नळाचा आवाज नेहमीपेक्षा बराच वेळ चालू राहिला.

काटेवाल्यांना त्या रात्री झोप लागली नाही. बायको गेली की माणसाने कसं राहायचं असतं, ते आपण इतकी वर्षं राहून दाखवलं. आणि आपलीच पोर अशा माणसाच्या घरात निघाली, ज्याला दोन वर्षंसुद्धा धीर निघाला नाही! उद्या ही गेली तर हिलाही असंच पुसून टाकील. नोटीस लागल्यावर महिनाभर कुणालाही हरकत घेता येते, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. सकाळी उठून त्यांनी अर्ज लिहिला.

आता गंमत अशी, की काटेवाल्यांनी आयुष्यात अर्ज लिहिले ते फक्त वजनमापांच्या कचेरीला. दुसरा नमुना त्यांना येतच नव्हता. तेव्हा अर्ज उतरला तो असा:

"विषय: सदोष जावयाबाबत. महोदय, सदर इसमाची पाहणी केली असता तो वरवर ठीक दिसतो. परंतु बारकाईने तपासता, पूर्वीचा भार उतरताच त्याचा काटा तत्काळ शून्यावर आल्याचे आढळले. मनुष्याच्या बाबतीत हा दोष गंभीर आहे. तरी शिक्का न मारता परत पाठवावा, ही विनंती."

भार उतरल्यावर शून्यावर येणं हा तराजूचा गुण असतो, हे लिहिताना त्यांना टोचलं. म्हणूनच 'मनुष्याच्या बाबतीत' हे शब्द त्यांनी मागाहून घातले.

विवाह नोंदणीची खोली कोर्टाच्या इमारतीत मागच्या बाजूला होती. खोलीबाहेर काचेआड फलक, आणि त्यावर नोटिसा टाचलेल्या. काटेवाले अर्ज द्यायला म्हणून गेले आणि त्या फलकापुढेच खिळून राहिले. ओळीने फोटो, नावं, वयं, धंदे, पत्ते. कुणी शिंपी आणि शिक्षिका, कुणी दोघंही ड्रायव्हर, एक जोडी तर काटेवाल्यांहून म्हातारी. अमुक हिच्याशी तमुक लग्न करू इच्छितो, कुणाचं काही म्हणणं आहे का, असं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारलेलं. भालदार नाही, चोपदार नाही, चार टाचण्यांवर लावलेला एवढा मोठा प्रश्न! लोक येत होते, थांबून वाचत होते, पुढे जात होते. कुणी काही म्हणत नव्हतं, आणि त्या न म्हणण्यालाच कायदा होकार धरत होता. काटेवाल्यांनी नकळत पायांतल्या चपला नीट केल्या. मग गुंजेचा फोटो दिसला आणि ते भानावर येऊन आत शिरले.

आत कारकूनबाई होत्या. चष्मा गळ्यात दोरीला, समोर फायलींचा ढीग. त्यांनी अर्ज वाचला, ओठ घट्ट मिटले, पुन्हा वाचला.

"काका, हा वजनमापांचा अर्ज आहे का?"

"नमुना तोच आहे. माल वेगळा."

बाईंनी खोकल्यासारखं केलं. मग समजुतीने म्हणाल्या, "असं बघा, हरकत काय म्हणून घेता येते ते सांगते. दोघांपैकी कुणाचा आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे का?"

"नाही."

"कुणाचं वय कमी आहे का? आपण कशाला हो म्हणतोय हे कळत नाही, असं कुणी आहे का? की दोघं अगदी जवळच्या रक्ताच्या नात्यातली आहेत?"

"नाही. यातलं काहीच नाही."

"मग झालं. हरकत बसत नाही."

काटेवाले चक्रावले. "एवढंच बघता तुम्ही? बाई, पालेभाजी तोलायचा काटा पास करायला याहून जास्त बघतात हो! स्वभाव? मन? मागचं माणूस किती लवकर विसरला, ते?"

"ते कायदा विचारत नाही."

"मग ते कोण बघतं?"

"ज्यांचं त्यांनी," बाई म्हणाल्या, आणि अर्ज टेबलाच्या खणात ठेवला. "आलाय तर असू दे माझ्याकडे."

घरी जाताना काटेवाले रागावलेले होते, पण रागात काहीतरी मिसळलं होतं. दोन माणसांचे सगळे जन्म बांधायचे आणि विचारायचे ते चार प्रश्न. बाकी सगळं त्या दोघांवर सोडून द्यायचं. एवढा विश्वास टाकायची छाती कुणाची झाली असेल, असं त्यांना पुन्हा पुन्हा वाटत राहिलं. आपली तर झाली नसती.

महिना उलटला. गुंजेने एकदाही विषय काढला नाही. फक्त आदल्या दिवशी त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. सकाळी ती गेल्यावर काटेवाल्यांनी तो सदरा घातला. दुसरा धुतलेला नव्हता, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खिशात ओळखपत्रही टाकलं. कुठेही जाताना जवळ असावं, असं सांगितलं. आणि पाय कोर्टाच्या दिशेने वळले तेव्हा सांगायला काही उरलं नाही म्हणून ते मुकाट्याने चालत राहिले.

नोंदणीच्या खोलीबाहेरच्या बोळात बाकं भरली होती. एक नवरी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली, तिचा नवरा फोटोच्या प्रती मोजत होता आणि दर वेळी चुकत होता. आणखी एका जोडीला हसू आवरत नव्हतं. गुंज आणि तिची माणसं आतल्या बाजूला, टेबलापाशी उभी असलेली दारातून दिसली. काटेवाले खांबाआडच्या बाकावर टेकले. शेजारी एक म्हातारी बसली होती, कापडी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून.

"तुमचं कोण आहे?" म्हातारीने विचारलं.

"आहे एक ओळखीचं," काटेवाले पुटपुटले. "तुमचं?"

"माझ्या जावयाचं लग्न आहे."

काटेवाल्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. म्हातारीला त्या नजरेची सवय असावी.

"माझी लेक गेली हो," ती म्हणाली. "तिचा नवरा आज लग्न करतोय. इथे नियम आहे, पहिलीच्या मृत्यूचा दाखला दाखवावा लागतो. नक्कल चालते, पण ताडून बघायला मूळ कागद लागतो. तो माझ्यापाशी. मी कुणाला हात लावू देत नव्हते त्याला. तो आला माझ्याकडे, कुणालाही सांगायच्या आधी आला बरं का, आणि म्हणाला, आई, कागद हवाय, पण तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा मागणार नाही आणि लग्नही करणार नाही."

"मग?"

"मग काय, पुष्कळ दिवस मी तोंडातून शब्द काढला नाही. वैतागले, रडले. तरी तो आपला दर रविवारी यायचा, माझा चष्मा पुसून द्यायचा, लेकीच्या गोष्टी काढायचा, ती कशी हसायची, कशी चिडायची. एकदा त्या मुलीलाही घेऊन आला. तीही ऐकत बसली, आणि मला म्हणाली, अजून सांगा ना. मला म्हणाली, आमच्या घरी असं कुणी बोलत नाही." म्हातारीने पिशवी आणखी घट्ट धरली. "तेव्हा मी म्हटलं, कागद एकटा पाठवणार नाही मी. मी घेऊन येते, आणि साक्षीला माझीच सही घ्या."

काटेवाल्यांना आपला अर्ज आठवला. अर्जात त्यांनी लिहिलं होतं, भार उतरताच काटा शून्यावर आला. अहो, भार उतरवला होता कुणी? तो माणूस पारड्यातलं सगळं तसंच सांभाळून, सासूला हाताला धरून, इथवर घेऊन आला होता. आणि आपण काय केलं? आपण तराजूच कपाटात कुलूप लावून ठेवला आणि वर म्हणालो, बघा, आमचा काटा कसा हलत नाही!

"मुलीच्या वडिलांचं मन नाही म्हणे," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "येणार नाहीत बहुतेक. पोरगी सारखी दाराकडे बघतेय बिचारी."

तेवढ्यात आतून पुकारा झाला. म्हातारी उठली. काटेवाले तिच्या मागे दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यापाशी थबकले.

खोली अगदी साधी होती. टेबल, फायली, पंखा, भिंतीवर घड्याळ. टेबलामागे विवाह अधिकारी, त्यांच्या बाजूला कारकूनबाई. म्हातारीने पिशवीतून कागद काढला, हाताने त्याच्या घड्या सपाट केल्या आणि पुढे केला. बाईंनी तो नकलेशी ताडून पाहिला आणि गेलेल्या मुलीचं नाव मोठ्याने, स्पष्ट वाचलं. चष्मेवाल्याने मान खाली घातली. गुंजेने म्हातारीचा हात धरला. लग्न लागायच्या आधी त्या खोलीने गेलेल्या मुलीला नाव घेऊन आत बोलावलं होतं, आणि कुणीही दचकलं नव्हतं. काटेवाल्यांनी दाराची चौकट पकडली. असं काही जगात होत असेल हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"आता वधूची नोंद पुरी करू," बाई म्हणाल्या. "आईचं नाव आहे, पण माहेरचं पूर्ण नाव कोरं ठेवलंय तुम्ही. सांगा."

गुंज त्या कोऱ्या ओळीकडे बघू लागली.

"आईचं लग्नाआधीचं नाव, ताई."

"मला माहीत नाही," गुंज म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान पोरीसारखा झाला. "आमच्या घरी कधी निघालंच नाही."

पंखा फिरत होता. अधिकाऱ्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मैत्रीण जमिनीकडे बघू लागली. आणि दारातून एक घोगरा, खूप वर्षं न वापरलेला आवाज आला. काटेवाल्यांनी बायकोचं नाव घेतलं. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, सगळं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. उभ्याचे आडवे होऊ ही इतक्या वर्षांची भीती. पण नाव पुरं झालं तरी ते उभेच होते.

सगळ्यांच्या माना वळल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी तिचा नवरा," काटेवाले म्हणाले. मग गुंजेकडे बघून म्हणाले, "आणि हिचा बाप. तिसरा साक्षीदार."

गुंजेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलंसुद्धा नाही. म्हातारीने कपाळाला हात लावला. "अगो बाई, तुम्हीच होय!"

मग लग्न झालं. ते इतकं लहान होतं, की काटेवाल्यांचा विश्वास बसेना. दोघं समोरासमोर उभी राहिली. मी तुझा नवरा म्हणून स्वीकार करते, मी तुझा बायको म्हणून स्वीकार करतो. एकेका श्वासात संपणारं वाक्य! ना वाजंत्री ना गर्दी, पण ते वाक्य निघायच्या आधी खोलीत दोन वेगळी माणसं होती आणि निघाल्यावर नव्हती, हे काटेवाल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. शिशावर बसणाऱ्या शिक्क्याचा आवाज आयुष्यभर कान देऊन ऐकलेला माणूस तो. इथे काहीच वाजलं नाही, आणि तरी त्यांच्या अंगावर तसाच काटा आला.

सह्या सुरू झाल्या. मैत्रिणीने केली. म्हातारीने केली, वेळ लावून, वळणदार. काटेवाल्यांनी ओळखपत्र दाखवलं, पेन हातात घेतलं आणि टेकवलं नाही. हात थरथरत होता. त्यांनी तो मांडीशी नेला आणि वाट बघत राहिले. अधिकारी काही म्हणायला गेले, तर गुंज म्हणाली, "थांबा ना साहेब जरा. होईल स्थिर." झाला. मग तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी त्यांची सही बसली.

कारकूनबाईंनी सह्यांची शाई टिपली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खणातून एक घडी घातलेला अर्ज काढला. चेहरा मोठा गंभीर ठेवून त्यांनी विचारलं, "काका, आमच्याकडे एका सदोष मालाबद्दल तक्रार आली होती. तिचं काय करू?"

चष्मेवाला काहीच न समजून बघत राहिला. काटेवाल्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "पारखलाय मी. दोष तपासणाऱ्याच्या काट्यात होता. मारा शिक्का."

बाहेर येताना म्हातारीला पायऱ्या उतरायला हात हवा होता. चष्मेवाला पुढे झाला, तेवढ्यात काटेवाल्यांनीच हात दिला. तिने दाखला जुन्या घड्यांवर घडी घालून पिशवीत ठेवला होता. दोनतीन पायऱ्या उतरल्यावर ती थांबली.

"मघाशी नाव नीट ऐकू आलं नाही हो मला," ती म्हणाली. "काय नाव म्हणालात तुमच्या बायकोचं?"

गुंज पुढच्या पायरीवर होती, तीही थांबली. काटेवाल्यांनी नाव सांगितलं. मग कुणी न विचारताच, तिला गाणं अजिबात येत नसे आणि तरी ती स्वयंपाक करताना गायची, हेही सांगितलं. गुंज तिथेच पायरीवर बसली आणि म्हणाली, "अजून सांगा ना, बाबा."